वात कापायची नाही

"म्हणजे दोष पंख्याचा?" सूनबाई स्टुलावरूनच म्हणाली. "पंखा खोलीच्या मधोमध आणि छतावरचा डाग बरोबर तुमच्या टेबलाच्या वर. रोज संध्याकाळी पंखा टेबलापाशी येऊन बसतो की काय?"

आत्याने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. भांडणात उत्तर सुचलं नाही की ती चष्मा पुसायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो पुसून होईपर्यंत समोरच्याने थांबायचं असतं असं तिला उगाचच वाटायचं.

"जुन्या पंख्याचं काही सांगता येत नाही," ती अखेर म्हणाली.

सूनबाईने ओलं फडकं छतावर आणखी जोरात फिरवलं. डाग गेला नाही, त्याने हातपाय पसरले. मघाशी ताटलीएवढा, गोल आणि काळाभोर होता, आता परातीएवढा, करडा आणि ओघळ आलेला झाला. सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली. हा रंग तिने स्वतः दिलेला होता, रोलर हातात घेऊन, सुट्टीच्या दिवशी, डोक्याला रुमाल बांधून. त्यानंतर कितीतरी दिवस तिला मान वर करता येत नव्हती. आता मान वर करून बघावं तर हे.

आत्याचा भाचा, म्हणजे सूनबाईचा नवरा, दारात चहाचा कप घेऊन उभा होता. तो म्हणाला, एवढा तुकडा पुन्हा रंगवता येईल. दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहाचा घोट घेतला आणि कप रिकामा असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

सूनबाई खाली उतरली. तिने सांगितलं की आत्यांनी हवा तेवढा वेळ बसावं, हवं तर दिवा बंद करून बसावं, अंधारात बसावं, पण मेणबत्तीची ही काजळी आता बास. आज छत आहे, उद्या पडदा पेटेल. दिवसभर घरात दुसरं कुणी नसतं, याचा तरी विचार करावा. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसली, काडी ओढली आणि मेणबत्ती लावली.

"बघितलंस?" सूनबाई नवऱ्याला म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "माझ्या तोंडावर लावली."

फडकं बादलीत आपटून ती स्वयंपाकघरात निघून गेली. आत्या ज्योतीकडे बघत शांत बसली होती. तिच्या हिशेबी भांडण मिटलं होतं.

हा हिशेब समजायला आत्याचं आयुष्य थोडं माहीत असावं लागतं.

आत्याने लग्न केलं नाही. तिच्या थोरल्या बहिणीनेही केलं नाही. दोघी एकाच छापखान्याच्या बांधणी खात्यात कामाला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. छापून आलेले मोठाले कागद घडी घालून जुळवायचे, दाभणाने भोकं पाडायची, दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावून दाबाखाली ठेवायचे. ताई शिवायची, आत्या घड्या घालायची. आत्याचा हात इतका बसला होता की तोंडाने गप्पा चालू, डोळे खिडकीबाहेर, आणि हातातली घडी मात्र कोपऱ्याला कोपरा लावून पडायची. मुकादम नव्या मुलींना तिच्यापुढे आणून उभं करायचा आणि म्हणायचा, हिच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा.

कामावर दोघी शेजारी, घरी एका खोलीत. तिथे भांडायला लागतंच काय? खिडकी उघडी ठेवायची की बंद, साबण ओला का राहिला, तू मघाशी त्या बाईला असं का म्हणालीस. दोघींची तोंडं सारखीच चालायची. शेजारणी म्हणायच्या, या दोघींच्यात दोन नवरे असते तरी एवढा आवाज झाला नसता.

मग एकदा बरेच दिवस वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात भांडताना ताईला आत्याचं तोंड नीट दिसेना. ती म्हणाली, दिसत नाही त्या तोंडाशी काय भांडायचं, मेणबत्ती संपेपर्यंत गप्प बस. आत्या गप्प बसली. वीज आली, पण तो नियम राहिला. मेणबत्ती लागली की भांडण जिथे असेल तिथे सोडायचं. वाक्य अर्धं असलं तरी सोडायचं. उद्या पुन्हा तिथूनच सुरू करायला हरकत नाही. पण उद्यापर्यंत ते कुठून सुरू करायचं हे दोघींनाही आठवायचं नाही. भांडण मिटवायला दोघींपैकी कुणालाच चुकलं म्हणावं लागत नव्हतं. जिला आधी कंटाळा येईल तिने काडी ओढायची.

ताई गेल्यावर भाच्याने आत्याला आपल्याकडे आणलं. ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक, कात्री, दाभण आणि मेणबत्त्यांचं खोकं होतं. भांडायला समोर ताई नव्हती, तरी संध्याकाळ झाली की ती मेणबत्ती लावायची. दिवसभरात मनातल्या मनात ज्याच्या त्याच्याशी जे काही भांडून झालेलं असे ते थांबवायला मेणबत्ती लागायचीच. ती नसती, तर या घरातली आत्या म्हणजे जेवणाच्या वेळी हाक मारायची एक म्हातारी बाई, एवढीच उरली असती.

भाच्याला लहानपणी पाहिलेलं अंधुक आठवत होतं. त्या रात्री भांडी पुसता पुसता त्याने बायकोला सांगितलं की आत्याने मेणबत्ती चिडवायला लावली नाही, थांबायला लावली.

"कोण थांबायचं? मी?" सूनबाई म्हणाली. "माझ्याच घरात, त्यांनी काडी ओढली की मी तोंडाला कुलूप लावायचं?"

तो म्हणाला, ती स्वतः थांबते, दुसऱ्याला थांब म्हणत नाही. सूनबाईने पुढचं भांडं कमी आवाजात ठेवलं.

त्यानंतर घराने काजळीवर उपाय सुरू केले. पहिला उपाय सूनबाईचा. धूर बाहेर जावा म्हणून तिने संध्याकाळी आत्याच्या खोलीची खिडकी सताड उघडायला सुरुवात केली. ज्योत वाऱ्याने एका अंगाला झोपली, मेण एका बाजूने ओघळलं आणि धूर जास्तच झाला. धूर जास्त झाला म्हणून तिने पंखाही लावला. दोन दिवसांत छताबरोबर पडद्याच्या घड्यांनाही करडी किनार आली. आत्या चष्मा वारंवार पुसत होती.

दुसरा उपाय आत्याचा. वारा लागू नये म्हणून तिने मेणबत्ती एका उंच, चिंचोळ्या काचेच्या भांड्यात उभी केली. तळाशी ज्योत गुदमरली, काच आतून काळी झाली आणि बाहेरून इतकी तापली की सूनबाई ती उचलायला गेली तेव्हा तिला हात झटकावा लागला.

मग भाच्याने बॅटरीवर चालणारी मेणबत्ती आणली. मेणासारखीच दिसणारी, वर प्लास्टिकची ज्योत, ती हलायचीसुद्धा. आत्याने तिला आपल्या टेबलावर मानाने ठेवून घेतलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने विचारलं, कशी वाटली?

"चांगली आहे," आत्या म्हणाली, "पण ती कमीच होत नाही रे. मी काय कायमची गप्प बसू?"

यावर सूनबाईला हसू आलं. ते तिने दुधाच्या पातेल्यात लपवलं.

हसू आलं म्हणून असेल, पुढच्या वेळी बाजारातून येताना तिने चांगल्यातली एक मेणबत्ती आणली. बुटकी, रुंद तोंडाच्या काचेतली. तिच्या खोक्यावर बारीक अक्षरात कशी लावावी हे छापलं होतं. सूनबाईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वारा लागेल अशा जागी ठेवू नये. पडदे, कागद यांच्यापासून दूर ठेवावी. न पेटणाऱ्या सपाट वस्तूवर ठेवावी. प्रत्येक वेळी लावण्याआधी वात कापून बोटाच्या नखाएवढी ठेवावी, लांब वातीने काजळी धरते.

इथवर आत्या मान हलवत होती. आता तिची मान थांबली.

"वात कापायची नाही," ती म्हणाली.

"का?"

"ताईचं तसं होतं. वातीला कात्री लावायची नाही."

सूनबाईने खोकं पुन्हा तिच्यापुढे धरलं. आत्या म्हणाली, छापलेलं मला दाखवू नकोस, मी जन्मभर छापलेलंच शिवत आलेय. मेणबत्ती लागली म्हणजे बोलणं मिटलं. मग तिचीच वात कापायची म्हणजे पुन्हा भांडण उकरायचं. ती वात जेवढी होईल तेवढी होऊ द्यायची. एवढं बोलून तिने नवी मेणबत्ती तशीच लावली. थोड्या वेळाने ज्योत उंच झाली, तिचं टोक थरथरलं, वातीच्या शेंड्यावर काळं बोंड धरलं आणि त्यातून बारीक काळा धागा वर छताकडे जाऊ लागला. दोघी त्या धाग्याकडे बघत होत्या. मेणबत्ती लागलेली होती, तेव्हा आत्या बोलू शकत नव्हती. सूनबाई बोलू शकत होती, पण ती उठून गेली.

जाताना दारात नवऱ्याला मात्र तिने सांगितलं की असंच चालणार असेल, तर मेणबत्ती या घरात राहणार नाही. आवाज चढवलेला नव्हता, म्हणूनच आत्याला तो आत नीट ऐकू आला.

सुट्टीच्या दिवशी सूनबाई पुन्हा छत पुसायला चढली. या वेळी तिने विचारून घेतलं होतं: काजळीला आधी ओलं फडकं लावायचं नाही, कोरड्या मऊ कापडाने अलगद टिपून घ्यायचं. स्टूल डुगडुगत होतं. आत्या मुकाट्याने आली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहिली. तिच्या केसांवर काळी भुकटी पडत होती.

वरून सूनबाईने विचारलं, "आत्या, मला एक सांगा. ताईंनी हे कधी सांगितलं? म्हणजे एकदम कसं सुचलं त्यांना?"

विचारण्यात खोच नव्हती. आत्या सांगू लागली. घरी आणलेलं काम होतं. टेबलावर शिवलेल्या गठ्ठ्यांचा ढीग, मध्ये मेणबत्ती. वात लांब झाली होती आणि धूर ताईच्या डोळ्यांत जात होता. ताईने शिवणाची कात्री घेतली आणि जळती वातच कापायला गेली. कापलेला तुकडा पेटलेलाच होता, तो खालच्या वितळलेल्या मेणात पडला. त्याची दुसरी ज्योत झाली, मेणबत्तीची एक बाजू बसली आणि मेण धो धो करत गठ्ठ्यांवर गेलं. ताईने ते हाताने अडवलं. बोटं पोळली, वरचे गठ्ठे वाया गेले, दुसऱ्या दिवशी मुकादमाची बोलणी खावी लागली. तेव्हा ताई म्हणाली, आजपासून वातीला कात्री लावायची नाही.

बोलता बोलता आत्याचा आवाज हळू झाला.

"म्हणजे जळत्या वातीला," सूनबाई वरून म्हणाली.

"ताई तसं म्हणाली नव्हती."

"बोटं पोळलेली होती हो त्यांची. तेव्हा कोण एवढं फोड करून बोलतं? विझलेल्या, गार झालेल्या मेणबत्तीची वात कापली असती तर हे झालं असतं का?"

आत्या स्टूल धरून उभी राहिली. मेणबत्ती लागली की भांडण बंद, हा एक नियम. वातीला कात्री लावायची नाही, हा दुसरा, निराळ्या दिवशीचा. इतक्या वर्षांत दोन्ही एकमेकांना कधी चिकटले ते तिला कळलंच नव्हतं.

"तू वकील व्हायला हवी होतीस," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "दुपारी बघू. आत्ता गार आहे ती."

दुपारी तिने स्वतःच्या कात्रीने वात कापली. बोंड वेगळं झालं, ते तिने चिमटीत उचलून कागदात बांधून टाकलं, मेणात पडू दिलं नाही. संध्याकाळी खिडकी लावली, पडदा गुंडाळून नाडीने खिळ्याला बांधला, टेबलावरची वर्तमानपत्रं कपाटात गेली आणि मेणबत्तीखाली स्टीलचं ताट आलं. ज्योत लहान होती. ती सरळ उभी राहिली आणि सरळच राहिली. सूनबाईने स्वयंपाकघरातून पांढरी बशी आणून ज्योतीच्या बरीच वर, क्षणभर धरली आणि उजेडात नेऊन पाहिली. बशी पांढरीच होती. तिने ती आत्याला दाखवली, आत्याने भाच्याला दाखवायला सांगितली, त्याने बशीकडे पाहून विचारलं, यात काय ठेवायचं होतं?

तेव्हापासून ते नेमाचं होऊन गेलं. विझवायलाही आत्या फुंकर मारेनाशी झाली. फुंकरीने धूर होतो आणि मेण उडतं. ती ज्योतीवर स्टीलची वाटी उपडी धरायची, की ज्योत आपोआप मान टाकायची. मेणबत्ती तळाशी बोटभर उरली की ती संपवायच्या मागे न लागता ठेवून द्यायची. पूर्वी संपेपर्यंत बसायचं असे. आता आत्याने ठरवलं की वाटी ठेवली म्हणजे संपलीच. छतावरच्या तुकड्याला भाच्याने रंग दिला, तो आजूबाजूपेक्षा जरा जास्तच पांढरा दिसायचा, आणि तसाच राहिला.

सूनबाई कधीमधी संध्याकाळी येऊन आत्याच्या पलंगावर टेकू लागली. काही बोलायची नाही. पायांना तेल लावायची किंवा नुसतीच बसायची. एकदा नवऱ्याशी तिची बाचाबाची चालली होती, लग्नाला जायचं की नाही यावरून. ती मध्येच उठली, आत्याच्या खोलीत गेली आणि स्वतः काडी ओढली. भाचा दारापर्यंत बोलत आला आणि तिथे दोघींना गप्प बसलेलं पाहून म्हणाला, "हे बरं आहे. आता दोघी झाल्या."

आत्याचं सगळं तिच्या मनासारखं झालं होतं.

एका संध्याकाळी ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली. घरात कुणी नव्हतं. गच्चीवर खालच्या मजल्यावरची बाई भेटली, तिच्या मुलीच्या नोकरीचं बोलणं निघालं, मग त्या मुलीच्या साहेबाचं. आत्याने बोलता बोलता कपड्यांच्या घड्यासुद्धा घालून टाकल्या. काळोख पडायला लागल्यावर ती खाली आली. कपडे सोफ्यावर ठेवताना तिला आपल्या खोलीच्या दाराखाली उजेड दिसला. पिवळा, मेणबत्तीचा.

तिला राग आला. तेवढ्यात कुलूप उघडून सूनबाई आत आली.

"माझ्या खोलीत मेणबत्ती कुणी लावली?" आत्याने विचारलं.

"मी आत्ता येतेय हो," सूनबाई म्हणाली. तिची पर्स खांद्यावरच होती. "तुम्हीच लावून गेला असाल. थांबा, चहा टाकते." आणि ती स्वयंपाकघरात गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ना संशय, ना आठी.

आत्याने दार उघडलं. मेणबत्ती बरीच उतरली होती. वात कापलेली होती. खाली ताट होतं. खिडकी बंद होती, पडदा खिळ्याला बांधलेला होता, टेबलावर कागदाचा कपटा नव्हता. ज्योत सरळ उभी होती, धूर नव्हता. खोक्यावर छापलेलं एकूणएक नीट केलेलं होतं. फक्त खोलीत माणूस नव्हतं.

ती खुर्चीवर बसली आणि आठवू लागली. गच्चीवर ऐकलेल्या त्या साहेबाचं नावगाव तिला आठवलं. ताईची पोळलेली बोटं आठवली, कुठलं कुठलं तेसुद्धा. काडी ओढल्याचं मात्र आठवेना. खोलीत आल्याचंही आठवेना. तिने आपले हात मेणबत्तीच्या उजेडात धरले. याच हातांकडे बघा म्हणून मुकादम सांगायचा. डोकं दुसरीकडे असलं तरी चुकायचे नाहीत. आजही चुकले नव्हते. डोकं आधीच गच्चीवर गेलेलं असताना त्यांनी सगळं बिनचूक केलं होतं.

चहा झाल्याची हाक आली. तिने ज्योतीवर वाटी ठेवली.

चहा पिताना तिच्या मनात तेच चाललं होतं. हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. छत पांढरं होतं, पडदा शाबूत होता, सूनबाई तर विसरूनही गेली होती. न सांगता रोज जपून वागता आलं असतं. पण जपून वागायचं म्हणजे लक्ष ठेवायचं, आणि आज लक्ष कुठे होतं हेच तिला सापडत नव्हतं. ती जेवायच्या वेळेपर्यंत आपल्या खोलीत दिवा लावून बसली. ट्यूबलाइटमध्ये खोली सगळी एकदम दिसत होती.

ताटं मांडली गेली. भाचा ऑफिसातल्या लिफ्टची कहाणी सांगत होता, कोण किती वेळ अडकलं होतं ती. आत्याने ती संपू दिली. मग चष्मा न पुसताच म्हणाली, की आज संध्याकाळी मेणबत्ती तिनेच लावली होती, लावून गच्चीवर गेली होती, आणि लावल्याचं तिला अजूनही आठवत नाही.

भाच्याने बायकोकडे पाहिलं. सूनबाईने लगेच मान हलवली. ती म्हणाली, मी एका शब्दाने काही म्हटलेलं नाही; आणि आत्या, विसरतं माणूस, मी गॅस चालू ठेवून बाहेर जाते कधीतरी, एवढं काय त्यात.

"कुणी काही म्हटलेलं नाही," आत्या म्हणाली. "म्हणूनच मी सांगतेय. उद्यापासून माझ्या खोलीत मेणबत्ती लागणार नाही. लागेल ती इथे, जेवायच्या टेबलावर, तुमच्यापैकी कुणीतरी समोर बसलेलं असताना. कुणी नसेल त्या दिवशी नाही लागणार. आणि काड्यांची पेटी सूनबाईकडे राहील."